हार्बॉ यांचं निलंबन आणि चाहत्यांचा संताप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ च्या हंगामात मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले आणि १९९७ नंतर प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यातल्या सहा सामन्यांना मुख्य कोच जिम हार्बॉ मैदानावर नव्हते, कारण ते निलंबित होते. या गोष्टीवरून ॲन आर्बर (मिशिगन विद्यापीठाचं गाव) आणि कोलंबसमध्ये (कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटचं शहर) अजूनही कडाक्याची भांडणं होतात. डेट्रॉइट परिसरातल्या मराठी घरांतही होतात, कारण तिथल्या अनेकांची मुलं याच विद्यापीठात शिकलेली असतात. बहुतेक भांडणांत दोन वेगळी प्रकरणं आणि शिक्षा करणाऱ्या तीन वेगळ्या संस्था यांची खिचडी झालेली असते. ती सुटी केली म्हणून राग निवळेलच असं नाही, पण जायला हवा तिथे तरी जाईल. (या पानावर फुटबॉल म्हणजे सगळीकडे अमेरिकन फुटबॉल.)

निलंबन एकदा झालं की दोनदा?

दोनदा, दोन वेगळ्या कारणांसाठी आणि दोन वेगळ्या संस्थांकडून.

पहिलं ऑगस्ट २०२३ मध्ये, खुद्द विद्यापीठाने केलेलं. कोविडच्या काळात एनसीएएने (देशभरातल्या कॉलेज खेळांचे नियम सांभाळणारी संस्था) खेळाडू-भरतीसाठी प्रत्यक्ष भेटीगाठी बंद ठेवल्या होत्या. ही बंदी मार्च २०२० पासून मे २०२१ अखेरपर्यंत होती. त्या काळात मिशिगनने भरतीचे नियम मोडले आणि चौकशीत हार्बॉ यांनी दिशाभूल करणारी उत्तरं दिली, असा आरोप होता. विद्यापीठाने स्वतःहून पहिल्या तीन सामन्यांपुरतं त्यांना बाजूला केलं: ईस्ट कॅरोलायना (३०-३), यूएनएलव्ही (३५-७) आणि बोलिंग ग्रीन (३१-६).

दुसरं १० नोव्हेंबर २०२३ रोजी, बिग टेन कॉन्फरन्सने (मिशिगन ज्यात खेळतं ती विद्यापीठांची संघटना) केलेलं. कारण होतं प्रतिस्पर्धी संघांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांच्या खुणा, म्हणजे चाल सांगणारे हातवारे, टिपल्याचं. नियमित हंगामाचे उरलेले तीन सामने यात गेले: पेन स्टेट (२४-१५), मेरीलँड (३१-२४) आणि ओहायो स्टेट (३०-२४).

एनसीएएचा स्वतःचा निकाल या दोन्हींनंतर, २०२४ आणि २०२५ मध्ये आला. तोवर हार्बॉ मिशिगन सोडून गेले होते.

एकाच गुन्ह्याची शिक्षा इतक्या जणांनी का द्यायची?

क्रिकेटवाल्यांना हे पटकन कळेल. २०१८ च्या केपटाउन कसोटीत चेंडू कुरतडल्याबद्दल आयसीसीने स्टीव्ह स्मिथवर एका कसोटीची बंदी घातली, आणि क्रिकेट ऑस्ट्रेलियाने आपल्या अधिकारात बारा महिन्यांची. इथेही तसंच आहे. विद्यापीठ हे कोचचं मालक, बिग टेन ही सामने भरवणारी संघटना (२०२३ मध्ये तिचे १४ सदस्य होते), आणि एनसीएए ही देशभराचे नियम सांभाळणारी संस्था. तिघांची नियमपुस्तकं वेगळी आणि वेगही वेगळा. एनसीएएचा वेग सगळ्यात कमी. खुणांच्या प्रकरणाची चौकशी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, सुनावणी जून २०२५ मध्ये झाली आणि निकाल १५ ऑगस्ट २०२५ रोजी लागला. म्हणजे जवळजवळ बावीस महिने. बिग टेनचा युक्तिवाद असा होता की तेवढं थांबलो, तर ज्या हंगामात नियम मोडले गेले तो हंगाम आणि त्यातलं अजिंक्यपद हातचं निघून जाईल.

निलंबित कोच नेमकं काय करू शकत नाही?

फक्त सामन्याच्या दिवशी मैदानावर येऊ शकत नाही. दोन्ही वेळा अट साधारण हीच होती. सोमवार ते शुक्रवार सराव घेणं, बैठका, प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती पाहणं, डावपेच ठरवणं हे सगळं चालू होतं. शनिवारी मात्र तीन-साडेतीन तास संघाशी संबंध नाही.

हा एक मुद्दा समजला की दोन्ही बाजूंची आवडती वाक्यं लटकी पडतात. मिशिगनचे चाहते म्हणतात, ‘आम्ही त्यांच्याशिवाय जिंकलो’. पण संघाची आठवडाभराची तयारी त्यांचीच होती. विरोधक म्हणतात, ‘ही कसली शिक्षा?’, पण चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला जुगार खेळायचा की पंट मारायचा (लाथेने चेंडू दूर धाडायचा), टाइमआउट कधी घ्यायचा, हे निर्णय त्या तीन तासांतच होतात, आणि पेन स्टेटविरुद्ध ते शेरोन मूर या ३७ वर्षांच्या सहायकाला घ्यावे लागले.

बर्गरमुळे निलंबन झालं हे खरं का?

नाही. भरतीबंदीच्या काळात संभाव्य खेळाडूंना बर्गर खाऊ घातल्याची गोष्ट बातम्यांत आली आणि चाहत्यांनी ती उचलून धरली, कारण ‘बर्गरसाठी कोचला घरी बसवलं’ हे वाक्य टी-शर्टवर छान बसतं. एनसीएए चालू प्रकरणावर सहसा चकार शब्द काढत नाही. पण ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या एका पदाधिकाऱ्याने जाहीर निवेदन काढून सांगितलं की प्रकरण कोविडकाळातल्या भरतीचं आणि नियमबाह्य प्रशिक्षणाचं आहे, चीजबर्गरचं नाही. मूळ उल्लंघनं मधल्या दर्जाची होती. प्रकरण सर्वांत गंभीर पातळीवर गेलं ते चौकशीत खरं न बोलल्याच्या आरोपामुळे. कॉलेज खेळांत हे पुन्हा पुन्हा घडतं: मूळ चूक किरकोळ असते, लपवाछपवी महागात पडते.

खुणा चोरणं तर नियमात बसतं ना? मग एवढा गहजब कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं अर्धं उत्तर ‘हो’ आहे.

आक्रमण करणारा संघ घोळका न करता थेट रांगेत उभा राहतो आणि चाल काय आहे हे मैदानाच्या कडेला पाहून समजून घेतो. तिथे दोन-तीन माणसं एकाच वेळी हातवारे करत असतात. त्यातल्या एकाच्याच खुणा खऱ्या असतात, बाकीच्या फसव्या. शिवाय चित्रांचे मोठे फलक असतात. समोरच्या संघाने सामना चालू असताना डोळ्यांनी हे पाहिलं आणि अर्थ लावला, तर ते कायदेशीर आहे. सगळे करतात. टीव्हीवरचं प्रक्षेपण पाहून लावला तरी चालतं.

दोन गोष्टी चालत नाहीत. एक, त्याच हंगामात ज्याच्याशी खेळायचं आहे त्या संघाचा सामना पाहायला आपला माणूस प्रत्यक्ष पाठवणं. हा नियम १९९४ पासून आहे, आणि तो आणण्याचं मुख्य कारण खर्चाचं होतं: श्रीमंत विद्यापीठं दर शनिवारी पाच-पाच माणसं विमानाने पाठवतील, गरिबांना ते जमणार नाही. दुसरी, प्रतिस्पर्ध्याच्या खुणांचं चित्रण करणं.

मिशिगनचा कर्मचारी कॉनर स्टॅलियन्स याने नेमकं हेच केलं. स्वतःच्या नावावर तिकिटं काढून ती ओळखीच्या लोकांना द्यायची, त्यांनी प्रेक्षकांत बसून फोनवर मैदानाच्या कडेचं चित्रण करायचं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, आणि कोच मंडळी वापरतात त्या चित्रफितीत खेळाडू दिसतात पण कडेची माणसं दिसत नाहीत. फोनवरच्या चित्रणाने ही उणीव भरून निघते. मग दोन्ही शेजारी लावून जुळवायचं: ही खूण केली, ही चाल आली. तीन-चार सामने जुळवले की छोटा शब्दकोश तयार. एनसीएएच्या निकालानुसार २०२१ ते २०२३ या तीन हंगामांत १३ प्रतिस्पर्ध्यांचे किमान ५२ सामने असे पाहिले गेले.

हा शब्दकोश दगाही देतो. समोरच्याने खुणा बदलल्या, की जुनी माहिती नुसती निरुपयोगी होत नाही, ती उलटते. डिसेंबर २०२२ च्या फिएस्टा बोल या हंगामोत्तर सामन्यात मिशिगन टीसीयूकडून (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) ५१-४५ असं हरलं. टीसीयूला आधी सूचना मिळाली होती आणि त्यांनी जुन्या खुणा मुद्दाम खोट्या म्हणून वापरल्या, असं नंतर बातम्यांत आलं.

तेव्हा ‘सगळेच करतात’ हे खुणा वाचण्याबद्दल खरं आहे. तिकिटं काढून माणसं पेरण्याचा एवढा मोठा, तीन हंगाम चाललेला व्यवहार दुसऱ्या कुणाचा सिद्ध झालेला नाही.

हार्बॉ यांना हे माहीत होतं का?

त्यांनी १९ ऑक्टोबर २०२३ लाच आपल्याला काही माहीत नव्हतं असं सांगितलं. बिग टेनने निलंबनाच्या पत्रात मान्य केलं होतं की त्यांना माहीत असल्याचा पुरावा हाती आलेला नाही. चाहत्यांना वाटतं की या एका वाक्यावर निलंबन रद्द व्हायला हवं होतं. पण आयुक्त टोनी पेटिटी यांनी त्याच पत्रात लिहिलं होतं की ही शिक्षा कोचला नसून विद्यापीठाला आहे. मुख्य कोच हा विद्यापीठाचा चेहरा असतो, आणि अशी शिक्षा दिली तर खेळाडूंना खेळता येतं. सुक्याबरोबर ओलंही जळू नये, हा त्यातला विचार मला रास्त वाटतो, जरी शिक्षेची वेळ रास्त वाटत नसली तरी.

शिवाय १ जानेवारी २०२३ पासून एनसीएएचा नियमही कडक झाला आहे. पूर्वी मुख्य कोच ‘मी लक्ष ठेवलं होतं’ असं दाखवून जबाबदारी झटकू शकत होता. आता हाताखालच्या माणसाने नियम मोडला, की जबाबदारी आपोआप मुख्य कोचवर येते.

मिशिगनच्या चाहत्यांना सर्वांत जास्त राग कशाचा आला?

निर्णयापेक्षा घड्याळाचा. घोषणा झाली शुक्रवारी दुपारी. संघ पेन स्टेटच्या सामन्यासाठी विमानात होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सामना सुरू होणार होता. त्यातच ११ नोव्हेंबरचा माजी सैनिक दिन शनिवारी आल्याने त्याची सुट्टी शुक्रवारी होती आणि न्यायालयं बंद. विद्यापीठाने तरीही वॉशटेनॉ काउंटीच्या न्यायालयात तातडीच्या स्थगितीसाठी अर्ज केला, पण सामन्याआधी आदेश मिळाला नाही. सुनावणी पुढच्या शुक्रवारची, १७ तारखेची लागली.

हा राग खोटा नव्हता. पुरावा बिग टेनकडे काही दिवस आधीपासून होता, आणि आधीच्या सोमवारी किंवा मंगळवारी निर्णय दिला असता तर विद्यापीठाला दाद मागायला वेळ मिळाला असता. घोषणेची वेळ अशी निवडली, की आशय बरोबर असला तरी लोकांना त्यात डाव दिसतो.

मात्र १६ नोव्हेंबरला, सुनावणीच्या आदल्या दिवशी, विद्यापीठाने दावा मागे घेतला आणि उरलेलं निलंबन स्वीकारलं. बदल्यात बिग टेनने आपली चौकशी बंद केली. १७ तारखेला लाइनबॅकरांचे (बचावफळीतल्या खेळाडूंचे) कोच ख्रिस पार्ट्रिज यांना काढल्याचं जाहीर झालं. आठवडाभर कोर्टाच्या लढाईसाठी दंड थोपटून बसलेल्या चाहत्यांचा इथे मोठा हिरमोड झाला. तेव्हापासून त्यांचे दोन तट आहेत: विद्यापीठाने कच खाल्ली म्हणणारे, आणि आत काहीतरी हाती लागल्याशिवाय वकील माघार घेत नाहीत हे ओळखणारे.

योग्य प्रक्रिया पाळली नाही, हा त्यांचा मुद्दा कायद्यात टिकला असता का?

घटनेच्या आधारावर टिकणं फार अवघड होतं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टार्केनियन खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की एनसीएए ही सरकारी यंत्रणा नाही, त्यामुळे सरकारविरुद्ध मागता येणारा न्याय्य प्रक्रियेचा घटनात्मक हक्क तिच्याविरुद्ध मागता येत नाही. बिग टेनही खासगी संघटनाच. उरतो तो कराराचा मुद्दा: तुम्ही स्वतःचे नियम पाळलेत का? त्या नियमांनुसार आयुक्त स्वतःच्या अधिकारात दोन सामन्यांपर्यंतचं निलंबन देऊ शकतात, त्याहून जास्त असेल तर सदस्य विद्यापीठांच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते. इथे निलंबन तीन सामन्यांचं होतं आणि मंजुरी घेतलेली होती. खरा कायदेशीर वाद एवढाच उरला होता की बिग टेनच्या खिलाडूवृत्तीच्या धोरणाखाली, एनसीएएची चौकशी चालू असताना, शिक्षा देता येते का. तो न्यायालयात लढलाच गेला नाही.

मैदानावर हा राग कसा दिसला?

सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यापूर्वी क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) जे. जे. मॅकार्थी ‘फ्री हार्बॉ’ लिहिलेला टी-शर्ट घालून आला. पहिल्या चालीला खेळाडू एकामागे एक रांगेत उभे राहिले आणि चार बोटं वर केली. हार्बॉ १९८० च्या दशकात याच संघाचे क्वार्टरबॅक होते तेव्हा त्यांचा क्रमांक ४ होता. त्या तीन सामन्यांत मुख्य कोचची खुर्ची आलटूनपालटून दिली गेली: पहिल्यात जेसी मिंटर, दुसऱ्यात अर्धा वेळ कोचचा मुलगा जे हार्बॉ आणि अर्धा वेळ माइक हार्ट, तिसऱ्यात शेरोन मूर. तेव्हाचं वातावरण हसतंखेळतं होतं. समोरचे संघ दुबळे होते आणि तिन्ही सामने घरच्याच मैदानावर, एक लाखाहून जास्त लोक बसतील अशा स्टेडियममध्ये होते.

नोव्हेंबरमध्ये सूर पालटला. निलंबनाची बातमी येताच खेळाडूंनी एकच शब्द लिहिला, ‘बेट’. म्हणजे साधारण ‘ठीक आहे, बघूच’. चाहत्यांनी तो उचलला, आणि जोडीला ‘मिशिगन विरुद्ध सगळे’ ही घोषणा आली. दुसऱ्या दिवशी पेन स्टेटच्या घरच्या गर्दीत मूर यांनी शेवटच्या ३२ चाली सलग धावण्याच्याच लावल्या. पास टाकण्याचा एक प्रयत्न पेनल्टीमुळे मोजला गेला नाही. सामना संपल्यावर थेट प्रक्षेपणात त्यांना हुंदका आवरला नाही आणि त्यांनी हार्बॉ यांचे आभार मानले. त्या मुलाखतीनंतर अनेकांना हे प्रकरण नियमांचं न राहता घरचं वाटू लागलं, आणि माझ्या मते चाहत्यांच्या भूमिका कायमच्या घट्ट झाल्या त्या तिथे.

पुढच्या शनिवारी मेरीलँडविरुद्ध मिशिगनचा एक हजारावा विजय झाला. कॉलेज फुटबॉलमध्ये तिथवर पोहोचलेला हा पहिला संघ, आणि कोच मैदानाबाहेर.

ओहायो स्टेटचे चाहते इतके का खवळलेले आहेत?

निव्वळ पराभवामुळे नाही. त्यांच्या मनात २०११ आहे.

त्यांचे कोच जिम ट्रेसल यांना एप्रिल २०१० मध्ये ईमेलवरून कळलं होतं की काही खेळाडूंनी आपल्या स्मृतिचिन्हांच्या बदल्यात गोंदवून घेतलं आणि पैसे घेतले. त्यांनी ते दडवलं, सप्टेंबरमध्ये ‘मला कोणतंही उल्लंघन माहीत नाही’ अशा कागदावर सही केली आणि त्या खेळाडूंना हंगामभर खेळवलं. मार्च २०११ मध्ये विद्यापीठाने दोन सामन्यांचं निलंबन दिलं, ते पुढे पाचांवर गेलं, आणि मे अखेरीस ट्रेसल यांना राजीनामा द्यावा लागला. २०१० चे सगळे १२ विजय रद्द झाले, त्यात मिशिगनवरचा ३७-७ हा विजयही गेला. २०१२ मध्ये संघ एकही सामना हरला नाही, तरी हंगामोत्तर बंदीमुळे त्याला अजिंक्यपदासाठी खेळता आलं नाही.

तेव्हा ते विचारतात: गोंदवण्यासाठी आमचा अख्खा हंगाम पुसला आणि तीन वर्षं माणसं पेरूनही यांचा चषक शाबूत कसा? हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे, पण ते ऐकून त्यांना बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मिशिगनचं विजेतेपद काढून का घेतलं नाही?

दोन कारणं. एनसीएए विजय रद्द करते ते प्रामुख्याने अपात्र खेळाडू मैदानात उतरला तर. ओहायो स्टेटचे खेळाडू अपात्र ठरले होते. मिशिगनच्या बास्केटबॉल संघाने हेच भोगलं आहे: एका देणगीदाराकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात १९९२ आणि १९९३ च्या अंतिम फेऱ्यांचे झेंडे छतावरून उतरवावे लागले. खुणांच्या प्रकरणात एकही खेळाडू अपात्र नव्हता.

दुसरं कारण फार थोड्यांना माहीत असतं. मिशिगन ज्या सर्वोच्च गटात खेळतं, त्यातलं फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद एनसीएए देतच नाही. ते कॉलेज फुटबॉल प्लेऑफ ही वेगळी संस्था देते.

कोचशिवाय तीन मोठे सामने जिंकले, म्हणजे चोरीचा फायदा नव्हताच हे सिद्ध झालं ना?

थोडंसं. स्टॅलियन्स २० ऑक्टोबर २०२३ रोजी निलंबित झाला आणि त्यानंतरचे आठही सामने मिशिगनने जिंकले, त्यात प्लेऑफमधले अलाबामा आणि वॉशिंग्टन होते. २०२४ मध्ये कोलंबसला जाऊन १३-१० असं ओहायो स्टेटला हरवलं, तेव्हा तर कोच आणि बहुतेक खेळाडूही नवे होते. हा भक्कम पुरावा आहे की संघ मुळात चांगला होता.

पण पेन स्टेटविरुद्धच्या त्या ३२ धावांच्या चाली पुरावा म्हणून देऊ नका. खुणा चोरण्याचा मुख्य फायदा बचावाला होतो, समोरचा धावणार की पास टाकणार हे आधी कळतं. आपल्या आक्रमणाने काय केलं याचा त्याच्याशी संबंध नाही. द्यायचंच असेल तर पेन स्टेटला १५ गुणांवर रोखलं, हे द्या. आणि २०२१ व २०२२ बद्दल बोलताना शब्द जपून वापरा. २०२० मध्ये २-४ (दोन विजय, चार पराभव) असणारा संघ २०२१ मध्ये १२-२ झाला, आणि चोरीची सुरुवात त्याच वर्षाची आहे. त्यातला किती वाटा कशाचा, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नाही. नियम मोडल्याची ही खरी किंमत आहे: जे स्वतःच्या ताकदीवर जिंकलं, त्यावरही बोट उठतं.

‘शो-कॉज’ म्हणजे आपली कारणे दाखवा नोटीस का?

नाही, आणि इथे मराठी वाचकांची हमखास गफलत होते. आपल्याकडे कारणे दाखवा नोटीस शिक्षेच्या आधी येते. एनसीएएचा शो-कॉज आदेश हीच शिक्षा असते. त्या मुदतीत जे विद्यापीठ त्या कोचला नेमेल, त्याने एनसीएएपुढे कारण दाखवायचं की त्याच्यावरचे निर्बंध का लागू करू नयेत. व्यवहारात कुणी नेमत नाही.

हार्बॉ यांना कोविडच्या प्रकरणात ऑगस्ट २०२४ पासून चार वर्षांचा आणि खुणांच्या प्रकरणात त्यापुढे दहा वर्षांचा आदेश मिळाला. मुदत ऑगस्ट २०३८ मध्ये संपेल. स्टॅलियन्सला आठ वर्षांचा, हार्बॉ यांच्यानंतर मुख्य कोच झालेल्या मूर यांना दोन वर्षांचा. मूर यांच्यावरचा एक आरोप स्टॅलियन्सबरोबरचे ५२ संदेश फोनवरून पुसल्याचा होता. ते संदेश नंतर मिळवले गेले.

हार्बॉ एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले. मग शिक्षा भोगली कुणी?

मागे राहिलेल्यांनी. हार्बॉ २४ जानेवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिस चार्जर्सकडे गेले आणि एनसीएएचा आदेश तिथे लागू होत नाही. विद्यापीठाला ५० हजार डॉलर, फुटबॉलच्या अंदाजपत्रकाच्या १० टक्के आणि २०२५ व २०२६ च्या हंगामोत्तर उत्पन्नाइतका दंड झाला, शिवाय भरतीवर निर्बंध आले. एनसीएएच्या समितीने म्हटलं की हंगामोत्तर बंदी योग्य ठरली असती, पण ती आजच्या मुलांवर अन्याय करेल म्हणून तिच्याऐवजी पैसे घेतले. २०११ च्या तुलनेत हा बदल चांगला आहे. तेव्हा शाळेत असलेल्या मुलांनी दुसऱ्यांच्या चुकांपायी हंगाम गमावले होते.

निलंबनामुळे तिकिटाचे पैसे परत मिळतात का?

नाही. तिकीट सामन्याचं असतं, कोचचं नव्हे.

चाहत्याला उपयोगाचं असं काय करता येतं?

मिशिगन हे सार्वजनिक विद्यापीठ आहे, त्यामुळे दोन दारं उघडी आहेत.

पहिलं, रीजंट. विद्यापीठाच्या मंडळावर आठ रीजंट असतात. ते राज्यभराच्या निवडणुकीत आठ वर्षांसाठी निवडून येतात, दर सम वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन जागा. नोव्हेंबर २०२३ मध्ये काही रीजंट बिग टेनवर जाहीरपणे तुटून पडले, यामागे हेही आहे की चाहते हे मतदार असतात. नागरिक नसलात तर मत देता येणार नाही, पण त्यांच्या सभेत आधी नाव नोंदवून ठरावीक मिनिटं बोलता येतं. एकच मुद्दा घ्या. ‘करार वाचून दाखवा’ असं म्हणणाऱ्याकडे लक्ष जातं, ‘अन्याय झाला’ म्हणणारे पन्नास असतात.

दुसरं, माहितीचा अधिकार. मिशिगनच्या कायद्यानुसार लेखी अर्ज केल्यावर विद्यापीठाने कामकाजाच्या ५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणखी कामकाजाच्या १० दिवसांची मुदत ते घेऊ शकतात. अर्जात विशिष्ट कागद मागा: अमुक तारखेचं पत्र, अमुक व्यक्तीचा करार, अमुक महिन्यातला खर्च. ‘प्रकरणाशी संबंधित सर्व ईमेल’ असं लिहिलंत तर शुल्काचा मोठा अंदाज येतो आणि अर्ज तिथेच मरतो. बिग टेन आणि एनसीएए खासगी असल्याने त्यांना असा अर्ज करता येत नाही, पण त्यांनी विद्यापीठाला पाठवलेली पत्रं विद्यापीठाकडून मागता येतात.

आणि काय करू नये?

भरतीच्या वयातल्या मुलांना संदेश पाठवू नका, ‘आमच्याकडेच ये’ असंही नाही. क्रीडा विभागाला देणगी दिलेला माणूस नियमांत बूस्टर ठरतो, एकदा ठरला की कायमचा, आणि त्याने भरतीसाठी साधलेला संपर्क नवं उल्लंघन होऊ शकतो. आपल्या कोचवरचा अन्याय दूर करायला निघालेला चाहताच पुढच्या चौकशीचं कारण व्हावा, याहून वाईट काही नाही.

विद्यापीठाचं ‘एम’ हे चिन्ह नोंदणीकृत आहे, ते छापून टी-शर्ट विकू नका. एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांनी तर असा कोणताच धंदा करू नये, विनापरवाना काम धरलं जाण्याचा धोका असतो. आणि प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूंना, पंचांना किंवा चौकशी अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना त्रास देऊ नका. ते वीस वर्षांचे विद्यार्थी आणि नोकरदार लोक आहेत.

पुन्हा कुणा कोचच्या निलंबनाची बातमी आली तर आधी काय पाहायचं?

निर्णय कुणाचा आहे, विद्यापीठाचा, कॉन्फरन्सचा की एनसीएएचा. नियम कोणता, आणि उल्लंघन कुठल्या पातळीचं. बंदी फक्त सामन्याच्या दिवसाची की सरावाचीही. कोणते सामने, आणि त्यांत घरचे किती. आधी भोगलेले दिवस धरले आहेत का. शेवटचा मुद्दा मूर यांच्या बाबतीत गाजला: विद्यापीठाने २०२५ मध्ये त्यांना तिसऱ्या आणि चौथ्या सामन्याला बाजूला बसवलं, आणि एनसीएएने ते मोजूनही पुढच्या हंगामाचा पहिला सामना वाढवला.

आता खुणा चोरता येतात का?

एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने सर्वोच्च गटातल्या संघांना शिरस्त्राणातून बोलण्याची परवानगी दिली. मैदानावरच्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणावर हिरवा ठिपका असतो, त्याला कोचचा आवाज ऐकू येतो. घड्याळात १५ सेकंद उरले की किंवा चेंडू खेळात आला की, जे आधी होईल तेव्हा, आवाज बंद होतो. पण ऐकू येतं ते एकालाच. रिसीव्हर (पास झेलणारे) दूर उभे असतात, गर्दीचा गोंगाट असतो, त्यामुळे अनेक संघ आजही कडेला हातवारे करतात आणि फलक धरतात. जिथे खुणा आहेत तिथे त्या वाचणारे असणारच. त्यासाठी समोरच्या संघाच्या सामन्याला माणूस पाठवायला मात्र आजही बंदी आहे.